ट्रेंडिंग ऑडिओवर येशूची गोष्ट: चर्चचे तरुण रील्स का करतायत आणि गाडी अडते कुठं?

तारीख ६ ऑगस्ट २०२३. ठिकाण पोर्तुगालची राजधानी लिस्बन. जागतिक युवा दिनासाठी जगभरातून आलेली तरुण मंडळी रात्रभर नदीकाठच्या मैदानात उघड्यावर झोपली होती. आकडा सांगितला जातो साधारण १५ लाखांचा. सकाळी पोप फ्रान्सिस यांची मिस्सा होणार होती. पण त्याआधी या सगळ्यांना उठवायचं कसं?

स्टेजवर एक फादर आले. गळ्यात धर्मगुरूंची पांढरी कॉलर, कानाला हेडफोन आणि समोर डीजेचं कन्सोल. त्यांनी टेक्नो म्युझिक लावलं आणि मैदान नाचायला लागलं. हे होते फादर गिल्हेर्मे पेशोतो, उत्तर पोर्तुगालच्या ब्रागा धर्मप्रांतातले. आपल्या चर्चवरचं कर्ज फेडायला निधी हवा म्हणून त्यांनी गाण्याबजावण्याचे कार्यक्रम सुरू केले आणि तिथूनच ते डीजेगिरीकडे वळले.

त्या सकाळचे व्हिडिओ काही तासांत जगभर फिरले. कमेंटमध्ये सरळ दोन गट पडले. एक म्हणाला, असे फादर असते तर आम्हीही रोज चर्चला गेलो असतो. दुसरा म्हणाला, हा चर्च आहे की नाइट क्लब?

ही घटना होऊन काळ लोटला, पण वाद तोच आहे. उलट तो आता मोठ्या स्टेजवरून उतरून गल्लीतल्या चर्चपर्यंत आलाय. कारण युवा संघातल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि रोज नवा ट्रेंड येतोय.

तर चर्चवाले ट्रेंडच्या मागं का लागलेत, त्यात त्यांना काय मिळतं आणि नेमकं कुठं सांभाळावं लागतं, ते एकेक करून बघू.

आधी हे समजून घ्या: ट्रेंड चालतो कसा?

भारतात याची गोष्ट २०२० ला बदलली. २९ जून २०२० ला केंद्र सरकारनं टिकटॉकसह ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. त्यानंतर जुलैमध्ये इन्स्टाग्रामनं रील्स आणि सप्टेंबरमध्ये युट्यूबनं शॉर्ट्स भारतात आणलं. टिकटॉक गेलं, पण उभा छोटा व्हिडिओ राहिला.

या व्हिडिओंची खरी ताकद आहे 'ऑडिओ'मध्ये. एखाद्यानं एका गाण्यावर किंवा डायलॉगवर व्हिडिओ केला की तोच आवाज दुसरा कुणीही एका टॅपमध्ये वापरू शकतो. त्या आवाजाचं स्वतःचं पान तयार होतं आणि त्यावर हजारो व्हिडिओ जमतात. म्हणजे ट्रेंड हा एक साचा असतो. चाल ठरलेली, वेळ ठरलेली, विनोद कुठं येणार तेही ठरलेलं. तुम्ही त्यात फक्त तुमचा मजकूर भरायचा.

चर्चला याचा मोठा फायदा होतो. सहसा चर्चचं पान तेच लोक फॉलो करतात, जे आधीपासून चर्चला येतात. रील मात्र फॉलो न करणाऱ्यांनाही दाखवली जाते. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी सांगितलंय की लोक व्हिडिओ किती वेळ बघतात, लाइक करतात का आणि दुसऱ्याला पाठवतात का, या गोष्टींना सगळ्यात जास्त वजन असतं. त्यामुळं ज्यानं रविवारची प्रार्थना सोडून चार वर्षं झाली, त्याच्याही मोबाइलवर चर्चमधल्या पोरांची रील येऊ शकते. ते काम नोटीस बोर्डाकडून झालं नसतं.

अमेरिकेतल्या 'डॉटर्स ऑफ सेंट पॉल' या संस्थेच्या सिस्टर्स याचं चांगलं उदाहरण आहेत. १९१५ साली इटलीत सुरू झालेल्या या संस्थेचं कामच मुळी छपाई आणि प्रसारमाध्यमांतून धर्म सांगणं. 'मीडिया नन्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या सिस्टर्स चालू ट्रेंडवर व्हिडिओ करतात. कॉन्व्हेंटमध्ये दिवस कसा जातो, लोक आम्हाला काय काय विचारतात, अशा साध्या गोष्टी त्या सांगतात. त्यात उपदेश थोडा आणि माणसं जास्त दिसतात, आणि म्हणूनच तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला जातो.

जेरुसलेमाचं प्रकरण: ट्रेंड जमला आणि मग बिल आलं

२०२० चा लॉकडाऊन आठवतोय? तेव्हा 'जेरुसलेमा' नावाचं गाणं जगभर वाजत होतं. दक्षिण आफ्रिकेच्या मास्टर केजी यांचं संगीत, नोमसेबो झिकोडे यांचा आवाज आणि भाषा झुलू. अंगोलातल्या एका डान्स ग्रुपनं हातात जेवणाची ताटं घेऊन त्यावर नाच केला आणि तिथून चॅलेंज सुरू झालं. नर्स नाचल्या, पोलीस नाचले, फादर आणि सिस्टर्सही नाचल्या.

चर्चवाल्यांचं इथं जमलं, कारण गाणं मुळात प्रार्थनेसारखंच आहे. यरुशलेम म्हणजे देवाच्या नगरीला आपलं घर म्हणणारं आणि मला एकटं सोडू नकोस असं विनवणारं. म्हणजे सिस्टर्सना ट्रेंडमध्ये येशूला ओढूनताणून बसवावं लागलं नाही. अर्थ आधीच तिथं होता आणि लोक घरात कोंडलेले असताना तो लोकांनाही हवा होता.

पण २०२१ च्या सुरुवातीला जर्मनीत वेगळीच बातमी आली. गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या वॉर्नर म्युझिकनं तिथल्या काही संस्थांकडं परवान्याचे पैसे मागितले. त्यात हॉस्पिटल्स होती, फायर ब्रिगेड होत्या. एका राज्याच्या गृह खात्यानं तर आपल्या पोलिसांच्या व्हिडिओंसाठी पैसे भरलेसुद्धा. कंपनीचं म्हणणं असं की एखाद्या माणसानं हौसेनं नाचणं वेगळं आणि संस्थेनं आपल्या प्रतिमेसाठी गाणं वापरणं वेगळं.

हा फरक भारतातल्या चर्चलाही लागू पडतो. इन्स्टाग्रामवरचं संगीत प्रामुख्यानं वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापरासाठी असतं. अकाउंट 'बिझनेस' प्रकारचं असेल तर बरीचशी गाणी दिसतच नाहीत. चर्चच्या अनेक पानांना हा अनुभव येतो आणि मग कुणीतरी गाणं बाहेरून डाउनलोड करून व्हिडिओला चिकटवतं. गडबड तिथं होते.

आता कुणी म्हणेल, धर्मकार्याला सूट असते ना? असते, पण अर्धीच. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं सादर करायला सूट आहे. मिस्सेत किंवा उपासनेत गाणं म्हटलं तर प्रश्न येत नाही. पण तेच गाणं रीलला लावून नेटवर टाकलं की तो विधी राहिला असं आपोआप धरलं जात नाही.

हे सगळं आजच सुरू झालंय का?

अजिबात नाही. मराठी माणसाला तर हे लगेच कळायला हवं.

१५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात आला. इथल्या लोकांना येशूची गोष्ट सांगायची होती. त्यानं बघितलं की लोक पुराणं ऐकतात आणि ती ओवीत असतात. मग त्यानं मराठी शिकून सुमारे ११ हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' लिहिलं. १६१६ साली ते राशोल इथं रोमन लिपीत छापलं गेलं. गोष्ट बायबलची, पण साचा आपल्या पुराणाचा.

पुढं १८९५ साली रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. त्यांनीही पाश्चात्त्य चालींवरच भर न देता अभंग आणि भजनं लिहिली, कीर्तनाचा बाज ख्रिस्ती मंडळींत आणला. 'ख्रिस्तायन' त्यांनी लिहायला घेतलं आणि त्यांच्यानंतर लक्ष्मीबाई टिळकांनी ते पुढं नेलं. आजही मराठी चर्चमध्ये टिळकांची गीतं म्हटली जातात.

म्हणजे ज्या साच्यात लोक आधीच ऐकतायत, त्याच साच्यात आपलं म्हणणं मांडायचं, ही युक्ती चारशे वर्षांची आहे. पण यात एक मोठा फरक आहे. ओवी शिकायला स्टीफन्सनं अनेक वर्षं घातली आणि ओवी त्याच्या आधीही होती, नंतरही राहिली. रीलचा ट्रेंड मात्र दोन-तीन आठवड्यांत शिळा होतो. युवा संघानं मीटिंग घेऊन, फादरांची परवानगी काढून, शनिवारी शूटिंग करेपर्यंत लोक पुढच्या गाण्यावर गेलेले असतात. मग व्हिडिओ येतो तेव्हा तो लग्नात उशिरा पोहोचलेल्या पाहुण्यासारखा वाटतो.

व्हॅटिकन काय म्हणतं?

बऱ्याच जणांना वाटतं की व्हॅटिकनला हे आवडत नसेल. इतिहास उलटा आहे. व्हॅटिकन रेडिओ १९३१ साली सुरू झाला आणि तो उभारायला खुद्द मार्कोनी होते. २००९ मध्ये व्हॅटिकनचा युट्यूब चॅनल आला, डिसेंबर २०१२ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी पहिलं ट्विट केलं आणि मार्च २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस इन्स्टाग्रामवर आले. त्याच वर्षापासून पोपच्या महिन्याच्या प्रार्थनेचा छोटा व्हिडिओही निघायला लागला.

मे २०२३ मध्ये व्हॅटिकनच्या संपर्क विभागानं सोशल मीडियावर एक सविस्तर दस्तऐवज काढला. त्याचा आधार आहे बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट. रस्त्यात जखमी पडलेल्या माणसाला बघून दोघं पुढं निघून जातात आणि तिसरा थांबतो. दस्तऐवजाचा मुद्दा हा की सोशल मीडियाही असाच रस्ता आहे आणि तिथं तुम्ही थांबणार की स्क्रोल करून पुढं जाणार? फॉलोअर कितीही असोत, प्रत्येक ख्रिस्ती माणूस छोटा इन्फ्लुएन्सर असतोच, असंही त्यात म्हटलंय. पण स्क्रीनवरून एकत्र जेवता येत नाही, याचीही आठवण करून दिलीय.

जुलै २०२५ मध्ये तर रोममध्ये डिजिटल मिशनरी आणि कॅथलिक इन्फ्लुएन्सर्सचा खास मेळावाच झाला. तिथं पोप लिओ चौदावे यांनी सांगितलं की काम फक्त कंटेंट तयार करण्याचं नाही, माणसांची मनं एकमेकांना भेटवण्याचं आहे.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, ७ सप्टेंबर २०२५ ला, याच पोपनी कार्लो अकुटिस याला संत घोषित केलं. कार्लोचा जन्म १९९१ चा. वयाच्या १५ व्या वर्षी, २००६ मध्ये, तो ल्युकेमियानं गेला. जीन्स-स्नीकर्स घालणारा, कॉम्प्युटरवर बसणारा मुलगा. ख्रिस्तप्रसादाशी जोडलेल्या चमत्कारांची माहिती गोळा करून त्यानं वेबसाइट बनवली होती. म्हणून आज त्याला इंटरनेटचा संत म्हणतात.

पण गंमत बघा. कार्लोच्या नावावर जे वाक्य सगळ्यात जास्त फिरतं, त्याचा अर्थ असा की आपण सगळे ओरिजिनल म्हणून जन्माला येतो आणि अनेक जण फोटोकॉपी म्हणून मरतात. आणि ट्रेंड म्हणजे काय? दुसऱ्याच्या व्हिडिओची फोटोकॉपी! चर्चच्या रील्सपुढचा मुख्य प्रश्न हाच आहे. साचा उसना घ्यायला हरकत नाही, पण त्यात भरलेलं तरी तुमचं आहे का?

आता मुद्द्यावर येऊ: गाडी अडते कुठं?

गाण्याचा परवाना हा त्यातला सोपा भाग. खरी काळजी आहे माणसांची.

पहिली गोष्ट, लहान मुलं. युवा संघात आणि रविवारच्या शाळेत बरीच मुलं १८ वर्षांखालची असतात. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ चा. त्यात १८ वर्षांखालची व्यक्ती 'बालक' धरली जाते आणि तिची माहिती डिजिटल स्वरूपात हाताळण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. इन्स्टाग्रामनंही फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात 'टीन अकाउंट' आणलं, ज्यात किशोरवयीन मुलांचं अकाउंट आपोआप प्रायव्हेट होतं. आता विचार करा, मुलीचं स्वतःचं अकाउंट प्रायव्हेट आहे, पण चर्चच्या पब्लिक पानावर तिचा चेहरा, चर्चचं नाव आणि दर शनिवारी संध्याकाळी ती कुठं असते, हे सगळं दिसतंय. मग त्या प्रायव्हेटचा उपयोग काय?

दुसरी, ज्याला दिसायचं नाहीये तो. युवकांच्या सभेला कधी मित्रासोबत दुसऱ्या धर्माचा मुलगाही येतो, कधी घरी न सांगता कुणी येतं. आपल्याकडं अनेक राज्यांत धर्मांतरविरोधी कायदे आहेत आणि वातावरण नाजूक आहे. कॅमेरा फिरवताना मागच्या रांगेतला एक चेहरा आला, कुणीतरी तो तुकडा कापून वेगळं कॅप्शन लावून पसरवला, तर त्या मुलाच्या घरी काय होईल? रील डिलीट करता येते, पण स्क्रीन रेकॉर्डिंग परत घेता येत नाही. चर्चला त्या रीलमधून मिळतात व्ह्यूज आणि किंमत मोजतो तो मुलगा.

तिसरी, रडणारा माणूस. शिबिरात शेवटच्या रात्री प्रार्थनेच्या वेळी पोरं रडतात, मन मोकळं करतात. असा व्हिडिओ खूप चालतो, कारण भावना खरी असते. पण ती भावना त्या पोराची आणि देवाची. पापनिवेदनात फादर ऐकलेलं कुणाला सांगत नाहीत, तो नियम शेकडो वर्षं पाळला जातोय. मग प्रार्थनेत उघडं पडलेलं मन स्लो मोशनमध्ये टाकायचं का? शिवाय कॅमेरा चालू आहे हे कळलं की पुढच्या वर्षी पोरं तितकी मोकळी होत नाहीत. किंवा कॅमेऱ्यासाठीच रडायला लागतात, जे त्याहून वाईट.

चौथी, इनबॉक्स. रील चालली की मेसेज येतात. त्यात मस्करी असते, शिव्या असतात आणि मध्येच एखादी मुलगी लिहिते की आता जगावंसं वाटत नाही. त्या पानाचा पासवर्ड कुणाकडं असतो? बहुतेक वेळा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातल्या एखाद्या पोराकडं. तो घाबरतो किंवा बायबलमधलं वचन पाठवून मोकळा होतो. म्हणून पान सुरू करण्याआधीच ठरवावं लागतं की असा मेसेज कुणी बघायचा. सरकारची 'टेली मानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, तो नंबर पान चालवणाऱ्याला पाठ हवा. आणि मोठ्या माणसानं अल्पवयीन मुलांशी खासगी चॅटवर एकट्यानं बोलायचं नाही, हा नियम फादर-पाळकांपासून सगळ्यांना सारखा हवा.

पाचवी, दुसऱ्याची श्रद्धा. ट्रेंड बरेचदा कुणाची तरी टिंगल करत असतात. आमचं कसं बरोबर आणि त्यांचं कसं चूक, अशी रील पटकन चालते. पण जाणूनबुजून, वाईट हेतूनं दुसऱ्याच्या धार्मिक भावना दुखावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा आहे. कायदा राहू द्या, शेजारच्या आळीतल्या माणसाला दुखावून शेजाऱ्यावर प्रीती करा ही शिकवण सांगायची कशी?

मग करायचं तरी काय?

समजा, वसईतल्या किंवा अहिल्यानगरमधल्या एखाद्या चर्चचा तरुण संघ आहे. दहा-बारा पोरं, एक चांगला फोन, बजेट शून्य. सध्या चाललेला ट्रेंड असा की प्रत्येक जण एका ओळीत सांगतो, आम्ही अमुक आहोत आणि आमच्याकडं हे हमखास होतं.

हा साचा घेऊन दोन रील्स होऊ शकतात. पहिलीत पोरं म्हणतील, आम्ही ख्रिस्ती आहोत, आमच्याकडं शांती आहे, तुमच्याकडं नाही. ही रील कुणाला आवडणार? आधीपासून पटलेल्यांना. बाकीचे चिडणार.

दुसरीत पोरं म्हणतील, आम्ही मराठी चर्चमधली पोरं आहोत. नाताळच्या करंज्या-चकल्यांना आमचा अख्खा वाडा एकत्र बसतो. कॉयरमध्ये एक काका हमखास अर्धी ओळ पुढं असतात. प्रवचन लांबलं की आजी घड्याळाकडं नाही, आमच्याकडं बघते. आणि कुणाच्या घरी मयत झाली की आम्हाला बोलवावं लागत नाही, खुर्च्या घेऊन आम्ही आधीच पोहोचलेलो असतो.

शेवटच्या ओळीत धर्म सांगितला गेला, तोही एकही वचन न वाचता. आणि ती ओळ त्यांना स्वतःच्या अनुभवातूनच सुचू शकते. इथं ट्रेंडची फोटोकॉपी ओरिजिनल होते.

गाण्याचाही मार्ग आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या लेखनावरचा कॉपीराइट संपतो. रेव्हरंड टिळक १९१९ साली गेले. म्हणजे त्यांचे शब्द आता सगळ्यांचे आहेत. त्याला संघातल्या पोरांनीच चाल लावली, ढोलकी-गिटारवर स्वतः रेकॉर्ड केलं, तर परवान्याचा प्रश्नच मिटतो. दुसऱ्या कुणाची रेकॉर्डिंग किंवा नवी चाल उचलली तर मात्र हक्क त्यांचे. आणि काय सांगावं, उद्या तोच ऑडिओ दुसऱ्या चर्चची पोरं वापरतील.

बाकी ठरवून ठेवायच्या गोष्टी मोजक्या आहेत. अल्पवयीन मुलांसाठी पालकांची लेखी संमती, आणि पालक हो म्हणाले तरी मुलाला नको असेल तर नाही. शूटिंगची जागा वेगळी, प्रार्थनेची वेळ वेगळी. मिस्सा किंवा उपासना चालू असताना रीलसाठी कॅमेरा नाही. पानाचा पासवर्ड किमान दोन जबाबदार माणसांकडं. आणि कुणीही, कधीही, कारण न सांगता व्हिडिओ काढून टाका म्हणालं तर त्याच दिवशी काढायचा.

शेवटी हिशोब कशाचा ठेवायचा?

रीलला ५० हजार व्ह्यूज आले की संघाच्या ग्रुपवर जल्लोष होतो. पण त्यातले अनेक जण दोन-चार सेकंदांत पुढं गेलेले असतात. अल्गोरिदमला फक्त एवढंच कळतं की बोट थांबलं की नाही. माणूस थांबला की नाही, ते त्याला मोजता येत नाही.

ते मोजायला साधा कागद पुरतो. या महिन्यात रील बघून कुणी मेसेज केला का? त्याला उत्तर मिळालं का? कुणी परत यायला लागलं का? आणि जे येत होते पण आता दिसत नाहीत, त्यांच्या घरी कुणी जाऊन आलं का? या शेवटच्या प्रश्नासाठी कुठलाच ट्रेंडिंग ऑडिओ मिळणार नाही. तिथं गाडीला किक मारून जावंच लागतं.